साखळी बदलणारे हात

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओमध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे निरोपाची तारीख आधीच ठरलेली होती. वर्तमानपत्रांनी त्या दिवसांत भरभरून लिहिलं. काळ्या-पिवळ्या रंगाविषयी लिहिलं, टपावरच्या कॅरियरविषयी लिहिलं, हिंदी सिनेमातल्या टॅक्सीविषयी लिहिलं. चालकांच्या मुलाखती आल्या. कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांचंही स्मरण झालं. ज्यांनी या गाड्या वीस-वीस वर्षं चालत्या ठेवल्या, त्या मिस्त्री लोकांविषयी मात्र माझ्या वाचनात फार थोडं आलं.

म्हणून आज या गाडीचा इतिहास मी एका लहानशा भागाच्या आधारानं सांगणार आहे. तो भाग म्हणजे टायमिंग चेन, इंजिनाच्या पोटातली साखळी. गाडीत बसणाऱ्याला ती कधी दिसत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही ती फक्त ऐकू येते, आणि तीही झिजल्यावरच.

आधी तिचं काम समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात दोन दांडे फिरत असतात. पहिला क्रँकशाफ्ट. पिस्टनच्या ढकलण्यानं तो फिरतो आणि त्याचंच बळ पुढे चाकांपर्यंत जातं. दुसरा कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंडाकृती उंचवटे असतात, आणि ते उंचवटे ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडतात. एका व्हॉल्व्हमधून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. निकोलाउस ओटो या जर्मन माणसानं १८७६ मध्ये चार टप्प्यांचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासूनचा हा हिशेब आहे: आत घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं. या चार टप्प्यांत क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो आणि कॅमशाफ्ट एकदाच. तबला ऐकणाऱ्यांना सांगायचं तर क्रँक दुगुनीत चालतो, कॅम ठाय लयीत चालतो, आणि समेवर दोघांनी एकत्र यायला हवं. ही सम सांभाळते ती टायमिंग चेन. क्रँकवरच्या चकरीला जितके दाते, त्याच्या बरोबर दुप्पट दाते कॅमवरच्या चकरीला. मध्ये साखळी.

यातली कल्पना तशी मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. चाकावरून फिरत राहणारी अखंड माळ आपल्या भाषेला ओळखीची आहे. संसाराला आपण रहाटगाडगं म्हणतो ते उगाच नव्हे. एका आसाचं फिरणं साखळीनं दुसऱ्या आसाकडे नेण्याची युक्ती अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधल्या कैफेंग शहरात सू सोंग यांनी बांधलेल्या भव्य जलघड्याळात होती. फिरत्या आसावर उंचवटे बसवून त्यांच्याकडून दुसरं काम करून घेण्याची युक्ती अल-जझारी यांच्या ग्रंथात सापडते. हे दियारबकरच्या दरबारातले यंत्रकार होते. १२०६ मध्ये त्यांनी यंत्रांवरचा आपला अरबी ग्रंथ पुरा केला. त्यात एक नाव आहे, नावेत कळसूत्री वादक आहेत, आणि आसावरच्या खुंट्या फिरता फिरता त्यांचे हात हलवतात. खुंटीची जागा बदलली की ठेका बदलतो. कॅमशाफ्टचं काम याहून फारसं वेगळं नाही.

आजची साखळी मात्र मँचेस्टरची. हान्स रेनॉल्ड हे मूळचे स्वित्झर्लंडचे. इंग्लंडला येऊन त्यांनी साखळ्या बनवण्याचा धंदा घेतला आणि १८८० मध्ये बुश रोलर चेनचं पेटंट मिळवलं. पिन, पिनेभोवती नळीसारखं बुश, बुशभोवती फिरता रोलर आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. रोलर फिरत असल्यामुळे साखळी दात्यांना घासत नाही, त्यांच्यावर लोळते. सायकलीला ती बसली आणि पुढे मोटारीच्या इंजिनातही गेली.

आता कुर्ल्याकडे येऊ. आपल्या पद्मिनीचं इंजिन कुर्ल्यात घडत असलं तरी त्याचा जन्म इटलीतल्या तुरिन शहरातला. फियाट कंपनीच्या दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९३७ मध्ये १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तयार झालं. व्हॉल्व्ह वर, कॅमशाफ्ट खाली बाजूला, आणि पुढच्या झाकणाआड साखळी. साधी, कुणालाही उघडता येईल अशी रचना.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली. त्याच सुमाराला देशाचं धोरण ठरत होतं. भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथे गाडी बनवण्याचा आराखडा द्यावा, नाहीतर जावं, असं सरकारनं १९५३ मध्ये सांगितलं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. मोटारगाड्या बनवणारे मोजके उरले: कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर.

त्यानंतरची तीस वर्षं परवान्यांची, परकीय चलनाच्या टंचाईची आणि प्रतीक्षायादीची. गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी फियाट घेतली तीही बँकेचं कर्ज काढून, आणि त्यांच्या निधनानंतर ललिताबाईंनी ते फेडलं, हे सर्वश्रुत आहे. जी वस्तू घ्यायला पंतप्रधानांना कर्ज काढावं लागतं, ती सामान्य माणसाच्या घरात आली तर किती वर्षं टिकायला हवी? टॅक्सीवाल्याचं तर पोटच तिच्यावर.

इटलीत १९६९ मध्ये फियाट ११०० बंद झाली. तिच्या जागी आलेल्या फियाट १२८ मध्ये कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा होता. म्हणजे जन्मगावी ते इंजिन म्हातारं ठरून निवृत्त झालं, आणि कुर्ल्यात ते आणखी तीसेक वर्षं बनत राहिलं. १९७४ पासून गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तरी मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिला. आतलं इंजिन मुळात तेच, १०८९ सीसीचं.

आता मी मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं एखादं इंजिन चालतं, ते नुसतं कारखान्याच्या बळावर चालत नाही. कारखाना गाडी एकदाच बनवतो. पुढची वीस वर्षं तिला पुन्हा पुन्हा बनवावं लागतं, आणि ते काम मिस्त्री करतो.

माझ्या मामूंचं कुर्ल्यात गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक शटर आणि त्याच्यापुढचा फूटपाथ. ऐंशीच्या दशकात, शाळेला सुटी असली की मी तिथे जाऊन बसायचो. निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक टॅक्सीवाले. त्यांत उत्तर प्रदेशचे होते, आपले सातारा-सांगलीचेही होते. सकाळी गाडी चालू केली की पुढून खळखळ आवाज येतो, इंजिन गरम झालं की कमी होतो, आणि पेडर रोडच्या चढावर गाडी ओढत नाही, अशी तक्रार आली की मामू एक साधी गोष्ट करायचे. डेल्कोचं झाकण काढायचे. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ठिणगी वाटून देणारा भाग. तो कॅमशाफ्टवरून फिरतो. मग पुढून हँडल लावून ते क्रँक हळूच थोडा पुढे, थोडा मागे फिरवायचे आणि मला सांगायचे, "बेटा, रोटरवर नजर ठेव. हलला की बोल." हँडल हललं आणि रोटर लगेच हलला, तर साखळी ठीक. हँडल बरंच फिरलं आणि रोटर मग जागा झाला, तर साखळी गेली. इंजिन न खोलता पोटातला आजार कळायचा.

साखळी "वाढली" असं मिस्त्री म्हणतात. पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. मामूंनी जुनी साखळी हातात देऊन मला हे दाखवलं होतं. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. समजा साखळीला साठ सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा विसावा भाग झिजला. एकेक सांधा तपासला तर काही दिसणार नाही. पण साठ सांध्यांचे मिळून तीन मिलिमीटर होतात. साखळीची ओढणारी बाजू ताठ राहते, पण ती लांबलेली असते, म्हणून कॅम क्रँकच्या मागे पडतो. सैल बाजू झाकणावर आपटते, ती खळखळ. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. कमी वेगात आत आलेलं पेट्रोल आणि हवा थोडी मागे ढकलली जाते. जोर घटतो, पेट्रोल जास्त लागतं.

इथे एक सोपी पळवाट असते. डेल्को किंचित फिरवला की ठिणगी पुन्हा वेळेवर पडते आणि गाडी चार दिवस बरी वाटते. पण व्हॉल्व्ह उशिराचे उशिराच राहतात. आजार तिथेच, फक्त ताप उतरल्यासारखा वाटतो. मामू गिऱ्हाइकाला दोन्ही गोष्टी समजावून सांगायचे आणि निवड त्याच्यावर सोडायचे. कारण साखळीच्या कामाला अख्खा दिवस जाणार, आणि टॅक्सी दिवसभर उभी म्हणजे घरात चूल पेटण्याचा प्रश्न. "उस्ताद, ईदपर्यंत ओढेल का?", "दिवाळीपर्यंत ओढेल का?" असे प्रश्न मी तिथेच ऐकले. मामू कान लावून इंजिन ऐकायचे आणि महिन्यांत उत्तर द्यायचे. पैसे नसतील तर हप्त्यांनी. वहीत फक्त गाडीचा नंबर आणि आकडा.

काम सुरू झालं की आधी पाणी काढून रेडिएटर उतरवायचा. मग फॅनबेल्ट, मग क्रँकच्या पुलीचा मोठा नट. तो सहजी सुटत नसे. त्यानंतर पुढचं झाकण, आणि झाकणाला खालून धरणारे चेंबरचे बोल्ट. झाकण निघालं की दोन चकऱ्या आणि त्यांच्यावरची काळी, तेलकट साखळी दिसायची. दोन्ही चकऱ्यांवर कारखान्यानं केलेल्या खुणा असतात. पहिला पिस्टन वर आणून त्या खुणा समोरासमोर आणायच्या आणि मगच चकऱ्यांसकट साखळी उतरवायची. नवी साखळी चढवताना खुणा पुन्हा तशाच जुळायला हव्यात. एक दाता चुकला तर इंजिन चालतं, पण रडत चालतं.

जुनी साखळी आडवी धरली की धनुष्यासारखी वाकायची, नवी जवळजवळ सरळ राहायची. गिऱ्हाइकाला पटवायला दुसरा पुरावा लागत नसे. तरी बरेच जण म्हणायचे, फक्त साखळी टाका, चकऱ्या राहू द्या. त्यावर मामूंचं उत्तर ठरलेलं असे, "जुने दाते नवी साखळी खातात." झिजलेला दाता आकड्यासारखा वाकतो आणि नव्या साखळीला पहिल्या दिवसापासून घासायला लागतो. म्हणून तिन्ही वस्तू एकत्र बदलायच्या, आणि हात लागलाच आहे तर पुढचं ऑइल सीलही. माल ऑपेरा हाउसच्या दुकानांतून यायचा. नव्याची ऐपत नसेल तर सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे मोडलेल्या गाडीतला त्यातल्या त्यात बरा भाग शोधायचा. कुठल्या खोक्यातला माल खरा आणि कुठला नुसता छापाचा, हे हातात वजन घेऊन ओळखणारी माणसं होती.

गॅरेजात छापील पुस्तक नव्हतं. मामूंना हे काम त्यांच्या उस्तादांनी शिकवलं. ते उस्ताद काही वर्षं प्रीमियरमध्ये फिटर होते. मामूंच्या हाताखाली चार-पाच मुलं तयार झाली. पहिलं वर्ष नुसतं रॉकेलमध्ये भाग धुण्यात आणि मागितलेला पाना अचूक देण्यात जायचं. दहा-अकराचा पाना न बघता हाताला लागला, की मग नटाला हात लावायची परवानगी. उर्दूत साखळीला सिलसिला म्हणतात, आणि गुरू-शिष्यांच्या परंपरेलाही सिलसिलाच म्हणतात. सूफींचा सिलसिला असतो, गवयांच्या घराण्याचा असतो, तसा मिस्त्रींचाही असतो. फरक इतकाच की सूफींच्या आणि गवयांच्या सिलसिल्यातली नावं कुणीतरी लिहून ठेवली. मिस्त्रींची नावं कुणी लिहिली नाहीत.

१९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हातात पडली. तिच्या इंजिनात रबरी पट्टा होता. पट्टा आवाज करत नाही, हलका असतो, त्याला तेल लागत नाही. पण तो तुटण्याआधी फारसा बोलतही नाही. म्हणून तो किलोमीटर मोजून, न तुटताच बदलायचा असतो. साखळी आधी कुरकुरते. कानावर चालणाऱ्या मिस्त्रीला आता आकड्यावर चालावं लागलं. हा बदल वाईट होता असं मी म्हणणार नाही. मारुतीनं लाखो घरांना गाडी दिली, आणि गाडी वारंवार बिघडू नये असं कुणाला वाटणार नाही? पण बदलाबरोबर एक विद्या मागे पडायला लागली, ही नोंद इतिहासात हवी.

पुढचा घटनाक्रम भराभर घडला. १९९१ नंतर बाजार खुला झाला. पद्मिनीला १९९६ मध्ये डिझेल इंजिनाची जोड मिळाली, पण त्यानं ती तरली नाही. शतक बदलताना तिचं उत्पादन थांबलं. हवेतलं प्रदूषण कमी करण्यासाठी मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा याच मिस्त्रींनी जुन्या इंजिनांना नवं इंधन मानवेल अशी त्यांची घडी बसवून दिली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं.

एक गंमत पाहा. टायमिंग चेन काही संपली नाही. मारुतीनं २००८ मध्ये आणलेल्या के-सीरिज इंजिनात पुन्हा साखळीच आहे, आणि जगभरातल्या अनेक नव्या इंजिनांत ती परत आली आहे. ती अजूनही तशीच झिजते. आता क्रँकजवळ एक सेन्सर असतो, कॅमजवळ दुसरा असतो. दोघांच्या वेळेत फरक पडला की संगणक दिवा लावतो. मामू हँडल फिरवून आणि रोटर पाहून जे ओळखायचे, तेच काम. यंत्रानं ती परीक्षा टाकून दिली नाही, उलट स्वतःच्या अंगात भिनवून घेतली. ती परीक्षा एखाद्या फूटपाथवरही रोज होत होती, हे मात्र विसरलं जातंय.

आपल्या औद्योगिक इतिहासात बनवणाऱ्यांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. वालचंद हिराचंद यांनी जहाजं, विमानं आणि मोटारी इथे बनवण्याची जिद्द धरली, ती थोर होती. पण कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी आणि वीस वर्षांनी भंगारात गेलेली गाडी यांच्या मधला काळही इतिहासच आहे. तो काळ कुर्ल्यात, भायखळ्यात, डोंगरीत घडला. पुण्यात, कोल्हापुरात, औरंगाबादलाही घडला. एखाद्या कुटुंबाचा धंदा त्यामुळे टिकला, एखाद्याच्या मुलीचं लग्न झालं, एखाद्याचा मुलगा शिकला. देशाकडे पैसा नव्हता तेव्हा दुरुस्तीनं देश चालवला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अल-जझारी आपल्याला माहीत आहेत, ते त्यांनी आपलं काम चित्रांसकट लिहून ठेवलं म्हणून. त्यांच्या काळात इतरही कुशल हात असणारच, पण ते कागदावर आले नाहीत. आपल्या मिस्त्रींचं तसं होऊ नये. पद्मिनीची साखळी बदललेली माणसं आज साठीत, सत्तरीत आहेत, काही ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे कान मंदावले असतील, पण इंजिन कसं बोलायचं हे त्यांना आठवतं. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपून ठेवणारं यंत्र आहे. त्यांना विचारा की उस्ताद कोण होते, काम कुठे शिकलात, साखळी गेली हे कसं ओळखायचात, डेल्को फिरवून द्यायला कधी नकार दिलात. त्यांचे शब्द तसेच राहू द्या. चकरी, चेंबर, पाना, डेल्को हे सगळे. सुधारायला जाऊ नका. आणि नाव विचारायला विसरू नका. नाव पूर्ण लिहा, गावासकट.